सशिणीचे आर्टिचोक

डोंगरावर एक जंगल होते. तिथे पूर्वी माणसांचा एक बंगला होता, आता नुसती ओसाड बाग उरली होती. त्या बागेच्या कडेला एक सशीण आपल्या चार पिलांना घेऊन राहत असे, आणि शेजारच्या बिळात एक सायाळ. माणसे जाताना एक वेगळीच भाजी मागे सोडून गेली होती, तिचे नाव आर्टिचोक. काटेरी करडी पाने आणि मधोमध मिटलेल्या कमळासारखे जाड पाकळ्यांचे बोंड. पाकळीच्या बुडाशी गोडसर गर असतो. पाऊस सरता सरता दोघींनी एकाच जुन्या बुंध्याचे दोन फुटवे काढले आणि आपापल्या दाराशी लावले. उन्हाळ्यात गवत वाळले की सशिणीच्या पिलांना त्या बोंडांचाच आधार होता.

थंडी पडली आणि सायाळीचे झाड सशिणीच्या झाडापेक्षा चार बोटे उंच दिसू लागले. चारच बोटे, मुलांनो! पण तेवढ्याने सशिणीची झोप उडाली. सकाळी डोळे उघडले की तिची नजर आधी शेजारणीच्या दाराकडे जाई. आपल्या झाडाला आठ टवटवीत पाने आली आहेत, हे तिला दिसेचना. सायाळीने चांगला फुटवा स्वतःकडे ठेवला, असे तिने मनाशी पक्के करून टाकले. खरे तर आधी निवडायचा मान सायाळीने तिलाच दिला होता, पण जळफळाटात ते आठवते कोणाला!

मग तिने पाळत ठेवली. सायाळ दिवस मावळताना बाहेर पडे, डोंगराच्या कपारीतून वटवाघळांच्या लेंड्यांचे ओंजळभर खत आणी आणि बुंध्यापासून जरा दूर मातीत मिसळी. पिकलेली पाने तोडून तिथेच अंथरी, वर पाणी घाली. एकदा खत घातले की पुढे पंधरा दिवस ती त्याला हात लावत नसे. सशिणीने यातले फक्त खत पाहिले. सायाळ दिवसा झोपते, हे तिला ठाऊक होते. भर दुपारी तिने खेपा घातल्या आणि चार दिवसांत अख्खी कपार खरवडून आपल्या झाडाच्या बुडाशी ढीग रचला. आपले झाड वाढावे यापेक्षा शेजारणीला चिमूटभरही मिळू नये, याचाच तिला अधिक आनंद झाला.

त्या ढिगाखालून एक गांडूळ वळवळत वर आले. ते म्हणाले, "बाई, खाली माती खारट झाली आहे. पाण्यात विरघळेल तेवढंच मुळांना पिता येतं. फार झालं तर माती उलट मुळांतलंच पाणी ओढून घेते."

"तुला तिनंच पाठवलं असेल," सशीण फणकारली. "माझं झाड तिच्यापुढे जाऊ नये म्हणून."

गांडूळ सरपटत सायाळीच्या झाडाखाली, कुजत्या पानांच्या ओलाव्यात निघून गेले.

आठवड्याभरात सशिणीच्या मातीवर पांढरा पापुद्रा धरला. पानांच्या कडा करपल्या, मग पाने माना टाकू लागली. बोराएवढे बोंड आले होते, तेही वाळून गेले. तिकडे सायाळीला खत मिळाले नाही, तरी झाडाचे अडले नाही. जुन्या पानांनी मातीतून जे घेतले होते, ते कुजता कुजता मातीलाच परत दिले होते. एक मोठे बोंड आले, त्याच्या बगलांत आणखी लहान बोंडे धरली. ते पाहून सशिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण एवढे करूनही हिचे भागले कसे, या विचाराने तिला घास गोड लागेना.

उन्हाळा आला. गवत वाळले आणि पिले भुकेने कुरकुरू लागली. एका संध्याकाळी सायाळ चार बोंडे घेऊन दारात आली. पिलांनी त्यांच्यावर झडप घातली.

"कपार रिकामी दिसली तेव्हाच मला कळलं होतं," सायाळ शांतपणे म्हणाली. "मागितलं असतंस तर दिलं असतं गं. किती घालायचं, तेही सांगितलं असतं."

सशिणीने मान खाली घातली. तिला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पिले पाकळ्या चोखत होती, त्यांची पोटे भरत होती. आभाराचा शब्द तिच्या ओठांवर आलाही होता. पण तो बाहेर पडण्याआधीच तिची नजर सायाळीच्या झाडाकडे वळली, आणि तिथे अजून किती बोंडे उरली आहेत, हे ती मोजू लागली.

तात्पर्य : हेवा करणाऱ्याला आपल्याला किती पुरे, हे कळत नाही, मग हातात होते ते तो नासवतो, आणि कोणी प्रेमाने दिले तरी त्याचे समाधान होत नाही.