सोनखवल्यांच्या डोहाची भिंत

विहाराच्या अंगणातले पिंपळाचे रोप उपशांत नावाच्या भिक्खूने इतके जपले, की ते मरायला टेकले. गुरे तोंड लावतील म्हणून त्याने कुंपण घातले. ऊन लागेल म्हणून वर चटई बांधली. कोणी चटई बाजूला करू लागले की तो हात जोडून आडवा येई. रोप पिवळे पडले तेव्हा त्याने दुसरी चटई आणली. धम्मिक नावाच्या भिक्खूने ही गोष्ट सगळ्या तपशिलासह शास्त्यांच्या, म्हणजे भगवान बुद्धांच्या, कानावर घातली. शास्ते म्हणाले, "उपशांताने हे पूर्वीही केले आहे, आणि पूर्वीही मला फार ताप दिला आहे." मग त्यांनी ही कथा सांगितली.

फार पूर्वी कांचना नदीच्या काठी सुमेखल नगरात अरिंजय राजाचे राज्य होते, आणि बोधिसत्त्व त्याचे जलामात्य होते. राज्यातल्या नद्या, तळी आणि पाट यांची देखरेख त्यांच्याकडे होती.

नगराबाहेर नदीला एक खोल डोह होता. त्यात सोनेरी खवल्यांचे, हातभर लांबीचे मासे राहत. लोक त्यांना सोनखवले म्हणत. राजमाता रोज सकाळी घाटावर बसून त्यांना लाह्या घाली. शेवटच्या आजारात तिने राजाचा हात हातात घेतला आणि एवढेच म्हणाली, "माझ्या माशांना सांभाळ." राजाने ते मनावर घेतले. जरा जास्तच घेतले.

आधी त्याने कायदा केला, की या डोहातल्या माशाला जो हात लावील त्याचा हात मनगटापासून तोडला जाईल. मग त्याला कळले, की पावसाळा आला की मासे डोह सोडून नदीने वर डोंगराकडे जातात आणि तिकडचे गावकरी त्यांना जाळ्यात धरतात. तेव्हा त्याने डोहाच्या वरच्या तोंडाशी दगडी भिंत बांधली. पाणी भिंतीवरून खाली पडे, पण माशाला वर जाता येत नसे. कायदा त्याच भिंतीच्या एका शिळेवर कोरला. पहाऱ्याला कुंभक नावाचा घाटपाल नेमला. कुंभक प्रामाणिक होता. तो लबाड असता तर बोधिसत्त्वांचे काम पुष्कळ सोपे झाले असते.

काही वर्षे सगळे छान चालले. लोक म्हणत, इतके मोठे मासे आम्ही कधी पाहिले नव्हते. बोधिसत्त्वांना नेमकी तीच गोष्ट खटकली. डोहातले सगळे सोनखवले मोठेच होते. बोटाएवढा एकही नव्हता.

मग बोधिसत्त्व डोहाकाठी बसू लागले. उन्हाळा, पावसाळा, थंडी, तिन्ही ऋतूंत ते बसले. कोणाचा पर फाटलेला, कोणाच्या पाठीवर वण, यावरून ते एकेक मासा ओळखू लागले. शेजारच्या खोऱ्यात एका नदीवर भिंत नव्हती आणि तिच्यातही सोनखवले होते. बोधिसत्त्व पावसात तिकडे गेले. मासे डोह सोडून वर चढताना आणि डोंगराजवळच्या उथळ, खळाळत्या पाण्यात गोट्यांच्या फटींत अंडी घालताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यातली थोडी अंडी त्यांनी टोपलीत घालून तिथल्याच वाहत्या पाण्यात ठेवली, थोडी घागरीतून आणून राजाच्या डोहातल्या गाळावर ठेवली. टोपलीतली फुटून पिल्ले निघाली. गाळावरच्यांना बुरशी आली.

ते राजाकडे गेले. "महाराज, मासे वर पळून जात नव्हते. बाळंतपणाला माहेरी जात होते. भिंतीत वाट ठेवली नाही तर आहेत ते म्हातारे होऊन मरतील आणि मागे कोणी उरणार नाही."

राजाने सगळे शांतपणे ऐकले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, "अमात्य, तुम्ही किती कष्ट घेतलेत." आणि त्याने लाह्या दुप्पट केल्या.

दुसऱ्या पावसाळ्यात बोधिसत्त्व पुन्हा गेले. राजाने डोहावर कापडी छत बांधले. तिसऱ्या खेपेला त्याने शांतीहोम केला आणि त्या धुराने दरबार खोकत राहिला. एकदा तर कुंभकाच्या सूचनेवरून दूरच्या तळ्यातले रुंद तोंडाचे काळे मासे वाजतगाजत आणून डोहात सोडले, म्हणजे डोह रिकामा दिसणार नाही. त्या माशांनी डोहातली बारीकसारीक मासळी फस्त केली. बोधिसत्त्वांनी हेही जाऊन सांगितले. राजा म्हणाला, "अजून एक पावसाळा पाहा. नीट अभ्यास झाला पाहिजे."

त्या दिवशी बोधिसत्त्व घरी आले, पागोटे कोपऱ्यात भिरकावले आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसले. बोधिसत्त्वांना वैताग येत नाही अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. आपण दगडाशी बोललो असतो तर एव्हाना दगडाने मान डोलावली असती, असे त्यांना वाटले. पण डोहात आता मोजकेच सोनखवले उरले होते. त्यांत फाटक्या पराची एक म्हातारी मादी होती. ती राजमातेच्या हातून लाह्या खात असे. यंदा तिचे पोट अंड्यांनी भरलेले होते. तिचा हा शेवटचा पावसाळा, हे बोधिसत्त्वांना दिसत होते. पागोटे उचलून ते पुन्हा घाटावर गेले.

नदीला पूर आला होता. मासे भिंतीवर उड्या घेत होते आणि पायथ्याच्या फरशीवर आपटत होते. कुंभकाची माणसे घागरींनी त्यांच्यावर पाणी ओतत होती. उचलून पाण्यात टाकत मात्र नव्हती, कारण हात लावायला बंदी होती.

"कुंभका, निदान पायाने ढकल," बोधिसत्त्व म्हणाले.

"त्यावर मी विचार केला, अमात्य," कुंभक म्हणाला. "पण राजमातेच्या माशाला पाय कसा लावायचा?"

बोधिसत्त्वांनी डोळे मिटून एक श्वास घेतला. मग उपरणे कमरेला बांधले, फरशीवरचा मासा दोन्ही हातांनी उचलला आणि भिंतीपलीकडे सोडला. मग दुसरा. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. कुंभकाने त्यांचे हात पाठीमागे बांधले. बांधताना तो रडत होता, पण गाठ त्याने पक्की मारली.

राजा न्याय करायला स्वतः घाटावर आला. तो भिजत उभा राहिला. "अमात्य, तुम्ही? माझ्या आईच्या माशांना?"

"आपल्या आईच्या माशांसाठीच. आपल्याला सांगून सांगून माझा घसा बसला, महाराज. हात हवे तर घ्या. पण आधी दोन घटका इथे उभे राहा आणि बघा. इतक्या वर्षांत आपण पावसात एकदाही इथे आला नाहीत."

राजा काही बोलणार इतक्यात ती म्हातारी मादी पाण्यातून उसळली, भिंतीवर आदळली आणि त्याच्या पायाशी फरशीवर पडली. तिच्या तोंडातून रक्त येत होते. ती कल्ले उघडत होती, मिटत होती. राजाने तो फाटका पर ओळखला. लहानपणी तो आईच्या मांडीवर बसून याच मादीला हाका मारीत असे.

"उचला तिला," तो म्हणाला.

कोणी हलले नाही. एकाने घागरीतले पाणी तिच्यावर ओतले.

"कुंभका, मी सांगतो आहे, उचल."

"महाराज, तोंडी आज्ञेने हा कायदा मोडू नये, असे त्याच शिळेवर खाली कोरले आहे. कोणी आपल्याला गळ घालील म्हणून आपणच कोरून घेतलेत."

राजाने बोधिसत्त्वांकडे पाहिले. त्यांचे हात पाठीमागे बांधलेले होते. मादीची तडफड मंद होत चालली होती. राजा गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिला दोन्ही हातांवर घेतले. ती जड होती. तो डोहाकडे वळला.

"तिकडे नको, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. आता त्यांचा आवाज अगदी हळू होता. "पलीकडे."

राजाने भिंतीवर वाकून तिला वरच्या पाण्यात धरले. क्षणभर ती तशीच राहिली. मग तिने शेपटी मारली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. राजा रिकाम्या हातांकडे पाहत राहिला. तळव्याला एक सोनेरी खवला चिकटला होता.

कुंभक घसा खाकरून म्हणाला, "महाराज, कायद्याप्रमाणे आता चार हात झाले."

राजाने बोधिसत्त्वांच्या हातांची गाठ सोडली. मग एका पहारेकऱ्याच्या हातातली पहार घेतली आणि भिंतीच्या मधोमध घातली. दगड निखळू लागले तसा पुराने बाकीचा भाग ओढून नेला. कोरलेली शिळाही गेली.

"आणि कायदा?" कुंभकाने विचारले.

"ती शिळा सापडली तर मला वाचून दाखव," राजा म्हणाला.

कुंभकाने ती खरोखर महिनाभर शोधली. तेवढ्या काळात बोधिसत्त्व डोंगरातल्या गावांत गेले. मासे अंडी घालतात तेवढे दिवस जाळी टाकायची नाहीत, एरवी पोटापुरते धरावेत, असे त्यांनी गावकऱ्यांशी ठरवले. पावसाळा सरल्यावर एका सकाळी राजा घाटावर बसला असताना उथळ पाण्यात बोटाएवढे सोनेरी काहीतरी चमकले. मग आणखी पुष्कळ चमकले. राजाने लाह्यांची मूठ उचलली, बोधिसत्त्वांकडे पाहिले आणि ती मुकाट्याने स्वतःच्या तोंडात टाकली. फाटक्या पराची मादी मात्र पुन्हा कोणाला दिसली नाही.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा अरिंजय राजा म्हणजे हा उपशांत. घाटपाल कुंभक म्हणजे आमचा धम्मिक, जो अजूनही एकही तपशील सोडत नाही. फाटक्या पराची मादी म्हणजे भिक्खुणी सोमदत्ता, जी आज अनेकींची आई झाली आहे. आणि तो जलामात्य मीच होतो. त्या जन्मी मी क्षांती पारमिता, म्हणजे धीराची पूर्णता, साधली."

उपशांत कथा संपायच्या आतच उठून अंगणात गेला होता. त्याने दोन्ही चटया सोडल्या. कुंपण तेवढे राहू दिले, आणि ते योग्यच होते.

धम्मिकाने हात जोडून विचारले, "भगवन्, पण क्षांती कशी? अमात्य तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वैतागलेलेच होते."

"वैतागलो होतो खरा, फार," शास्ते म्हणाले. "आणि तरी दर पावसाळ्यात पुन्हा जात होतो. तीच क्षांती."