पुस्तकात नसलेलं लाकूड

“म्हणजे बुवा, तुम्हालाही सिनेमाच जास्त आवडला?”

उमाकांतचा आवाज एवढा चढला होता, की तो आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आला. दामूबुवांची आणि आमची भिंत एकच. भांडण असेल तर मधे पडावं, नसेल तर निदान कळावं, म्हणून मी पेजेची वाटी घेऊन पलीकडे गेले. बुवांना दुपारी पेज लागतेच.

दामूबुवा आमच्या खाडीकाठच्या गावचे कीर्तनकार. उमाकांत तारी लहानपणी त्यांच्या मागे झांज घेऊन उभा राहायचा. गोष्ट सांगायला तिथेच शिकला. पुढे त्याने आपल्या आईवर कादंबरी लिहिली, तिला बक्षीस मिळालं, आणि तो जरा ताठ झाला. आता सुनेत्रा नावाच्या मुलीने त्या कादंबरीचा सिनेमा केला होता. आम्ही सगळ्यांनी तालुक्याला जाऊन पाहिला. जो तो म्हणत होता, पुस्तकापेक्षा सिनेमा सरस. मीही म्हटलं होतं. ते त्याच्या कानावर गेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी देवळात त्याचा आणि सुनेत्राचा सत्कार होता. अध्यक्ष बुवा.

“उद्या एवढंच बोला, की मूळ ते मूळ. पुस्तक मोठं. तुमचा शब्द गाव मानतं.”

बुवांनी पेज फुंकली.

“उमाकांता, मी आख्यान लावतो, त्यात पोथीतलं किती असतं?”

“...चिमूटभर.”

“आणि पोथीतलं बाकीचं?”

“गाळता तुम्ही.”

“पोथीवाले कधी आले का रे भांडायला?”

मला हसू आलं. मी पदर तोंडाला लावला.

“काकी, बसा ना,” उमाकांत म्हणाला. “अगदी आरामात बसा.”

मी बसले.

“मला तो लाकडाचा प्रसंग सांग,” बुवा म्हणाले.

“तुम्ही पाहिलाय की.”

“तू सांग.”

उमाकांतने घसा साफ केला. “बाबांची होडी खाडीत रिकामी सापडते. माणसं सांगायला दारात येतात. आई ऐकून घेते. बोलत काही नाही. न्हाणीत जाते. तिथे बाबांच्या आंघोळीचं पाणी तापत असतं. ती चुलीतलं जळतं लाकूड ओढते... त्यावर तांब्याभर पाणी ओतते. संपलं.”

ते चुर्र मला परत ऐकू आलं. थिएटरात त्या वेळी कुणी खोकलंही नव्हतं. एवढं मोठं दुःख त्या मुलीने एका लाकडात बसवून दाखवलं होतं.

“पुस्तकात काय आहे?”

“आईचा विलाप. अख्खं प्रकरण आहे. मोठमोठ्या लोकांनी वाखाणलंय.”

“आणि खरं काय झालं होतं?”

“लाकूड,” उमाकांत म्हणाला. “ती पोरगी घरी आली होती. म्हणाली, निरोप आला तेव्हा घरात काय चाललं होतं? मी सहज सांगितलं. मला ते... लिहिण्यासारखं कधी वाटलंच नव्हतं.”

“शहाणी पोर.”

बुवांनी वाटी खाली ठेवली आणि तिच्या नावाने हात जोडले. थट्टेत नाही. देवापुढे जोडतात तसे.

उमाकांतचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा उठून जाणार.

तो उठला नाही.

“आईला अक्षरओळख नाही, बुवा. मी पुस्तक वाचून दाखवायला बसलो होतो. विलापाशी आलो तर म्हणाली, राहिलेलं उद्या वाच, माझ्या भाकऱ्या व्हायच्यात. तो उद्या काही आला नाही... मग सिनेमाला नेलं. लाकूड विझलं तसा अंधारात तिने माझा हात धरला. म्हणाली, किती बरोबर लिहिलंस रे.”

बुवा पुढे झुकले.

“तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? सगळ्या सिनेमात नेमकं तेवढंच माझं नव्हतं.”

“तिला सांगितलंस तसं?”

“नाही. तोंडच उघडलं नाही. तिने हात सोडला नाही, मीही सोडवला नाही. दिवे लागेपर्यंत तसेच बसलो.”

माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. पण उठवेना.

“उद्या तुम्हाला वाटेल ते बोला,” उमाकांत म्हणाला. आवाज खाली आला होता.

“ते मी बघतो.” बुवांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “हे त्या सुनेत्राला सांगितलंस का?”

“अजून नाही.”

“सांगू नकोस. हे तू लिही.”