मानाची दोरी

“बल गुणिले अंतर. झालं काम? एवढंच?” अप्पांनी विचारलं.

“एवढंच, अप्पाजी,” चन्नवीर म्हणाला.

चन्नवीर मठाच्या पंक्तीत जेवून लहानाचा मोठा झालेला. यंदा तो पदार्थविज्ञानात विद्यापीठात पहिला आला आणि तेव्हापासून त्याचे पाय काही जमिनीला लागत नव्हते. मठाच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवायला माणूस हवा होता. ती जागा आपलीच, असं तो धरून चालला होता. पण मठाचे स्वामी, म्हणजे अप्पा, महिनाभर नुसतं “बघू” म्हणत होते. ते “बघू” त्याला आत कुठंतरी कुरतडत होतं.

आज रथाचा दिवस. सकाळी रथ मठाच्या दारातून पारापर्यंत नेला होता, संध्याकाळी परत आणायचा होता. रथाला एक लांबलचक दोर असतो, तो गावानं धरायचा. दुसरी असते तीन हातांची आखूड दोरी, खाली आसाला बांधलेली. ती मानाची. रथाला चिकटून चालायचं आणि ती खांद्यावरून ओढायची, देवाच्या अगदी जवळ. यंदा तो मान चन्नवीरनं मागून घेतला होता. दुसऱ्या कुणाला त्यानं हातही लावू दिला नव्हता.

“मग सकाळी तू किती काम केलंस?”

“चाळीस किलोचं पोतं उचलायला लागतो तेवढा जोर लावला. म्हणजे चारशे न्यूटन. अंतर चाळीस मीटर. सोळा हजार ज्यूल.”

त्यानं तळहात पुढं केले. सालटं निघाली होती.

“सोळा हजार!” अप्पांनी डोळे मोठे केले. अप्पा चौथीपुढं शाळेत गेले नव्हते. ते थक्क झालेत की चेष्टा करतायत, हे चन्नवीरला कळेना.

अप्पांनी बसायचा पाट ओढला, पाटाच्या पुढच्या पायांना आपलं उपरणं बांधलं आणि ते मांडी घालून त्यावर बसले.

“ओढ मला.”

“अप्पाजी...”

“ओढ की रं. लाजतोस कशाला?”

चन्नवीरनं उपरण्याचं टोक धरलं. उपरणं आखूड, त्यामुळं अप्पांच्या अगदी पुढ्यात उभं राहावं लागलं. त्यानं जोर लावला. पाटाचं पुढचं टोक उचललं गेलं, अप्पा मागं कलंडले. पाट मात्र होता तिथंच.

“पाडतोस का मला?”

“हलत नाही, अप्पाजी.”

“मग ते वाळत घातलेलं धोतर घे, जोड त्याला. आणि लांब जा.”

चन्नवीरनं गाठ मारली, तो दाराशी गेला आणि ओढलं. पाट शहाबादी फरशीवरून सर्रकन सुटला. ऐंशी वर्षांचे अप्पा दोन्ही हात वर करून “हो हो हो” करत थेट उंबऱ्यापर्यंत आले. स्वयंपाकघरातून पुरणाचे हात घेऊन गौराक्का धावत आली, तिनं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. कपाळाला पुरण लागलं.

अप्पांना हसू आवरेना. चन्नवीरही हसायला लागला आणि मधेच थांबला.

तो हातातल्या धोतराकडं बघत राहिला. ते फरशीला जवळजवळ समांतर होतं. सकाळची दोरी आसापासून चढत खांद्यावर आली होती... जोर वरच्या दिशेला, आणि चालणं पुढच्या.

कोसाइन थीटा! जोर आणि चालणं यांच्यातल्या कोनाचा हिशोब. परीक्षेत त्यानं तो शंभर वेळा लिहिला होता. सकाळी दोरी हातात आली आणि तो नेमका तेवढाच विसरला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“साठ अंशांचा कोन होता,” तो हळूच म्हणाला. “निम्मंच धरायचं. आठ हजार.”

“आणि बाकीचा जोर?”

“वर गेला. देवाला उचलण्यात.”

“उचलला गेला का देव?”

“बोटभरसुद्धा नाही.”

“मग त्या जोराचं काम किती?”

“...शून्य.”

अप्पांनी मान डोलावली. रागावले नाहीत की काही समजावलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

“संध्याकाळी कुठली दोरी धरणार?”

“लांबची. तिचं अगदी शेवटचं टोक.”

“तिथनं देव दिसत न्हाय.”

“कळलंय, अप्पाजी.”

संध्याकाळी हलगी कडाडली. मानाची दोरी चन्नवीरनं लोहाराच्या मल्लूच्या खांद्यावर दिली आणि लांब दोराच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पुढं कुणी नाही, मागं सारा गाव. “हर हर!” झालं, सगळ्यांचं बळ एका रेषेत आलं आणि रथ असा सुटला की चन्नवीरला पळावं लागलं. पळता पळता तो मोठमोठ्यानं हसत होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला फार, फार बरं वाटत होतं.

मठाच्या दारात तो धापा टाकत अप्पांच्या पायाशी बसला. केसांत गुलाल, चेहरा धुळीनं माखलेला.

“अप्पाजी, आता नववीचा वर्ग...?”

अप्पांनी त्याच्या डोक्यावरचा गुलाल झटकला.

“उद्यापास्नं जा. अन् शेवटच्या बाकावर बसून शिकव.”