विमानाला घातलेला हार

“शेवटचा आकडा तीन की आठ? एवढंच सांगा, बुवा.”

श्रीनिवास मोडकांनी जुन्या विमानांवर लिहिलेलं आपलं पुस्तक एका फोटोपाशी उघडून फिटरबुवांच्या पुढ्यात ठेवलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

फिटरबुवा म्हणजे कोरेगावजवळच्या टेकडीवरच्या मठात राहणारे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. एकाहत्तरच्या लढाईत ते लढाऊ विमानांच्या एका तळावर फिटर होते. नोकरी संपली, मागोमाग बायको गेली, तेव्हा मठात येऊन राहिले. झाडलोट करायची, कुणी पंप नाहीतर शिलाई मशीन आणलं तर चालू करून द्यायचं आणि विचारलं तेवढंच बोलायचं.

मोडक पुण्याचे. जुन्या लढाऊ विमानांचा त्यांना लहानपणापासून नाद. त्या नादापायी बँकेतली नोकरी वेळेआधी सोडली. दर उन्हाळ्यात इंग्लंडला जायचे, जुनी विमानं उडवण्याच्या मेळाव्यांना. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचे, आणि ओळखलं की आजूबाजूला बघायचे. सहा वर्षं ते बुवांकडे येत होते. चारचौघांत त्यांना ‘आमचे गुरुजी’ म्हणत. म्हणताना अशी मिजास असायची, की गुरूसुद्धा त्यांनीच भंगारातून शोधून काढलेला एखादा सुटा भाग असावा.

आजचं काम मोठं होतं. तिकडे एक जुनं हंटर विमान दुरुस्त करून पुन्हा उडवणार होते. त्यावर याच फोटोतल्या विमानाचा नंबर रंगवायचा होता आणि नंबर मोडक सांगतील तो. पण फोटोत शेवटचा आकडा पुसट.

बुवांनी भिंग धरलं.

“आठ.”

“नक्की?”

“रोज पुसायचो मी ते.”

मोडकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पुस्तक मिटायला हात पुढे केला. बुवांनी मिटू दिलं नाही. भिंग सरकवत फोटोच्या डाव्या कडेला नेलं आणि तिथं थांबवलं.

“हा हात कुणाचा?”

मोडक वाकले. शिडीच्या दांड्यावर चार बोटं होती. मनगटापाशी फोटो संपत होता.

“असेल कुणीतरी. शिडी धरून उभा होता. नजर विमान सोडून त्याच्याकडेच जायची, म्हणून कापलं तेवढं.”

“कशानं?”

“कात्रीनं. तेव्हा कुठं होते घरोघरी कॉम्प्युटर.”

“मूळ फोटो?”

“मूळच कापला. कराडच्या एका बाईंचा होता. शेवंताबाई माने.”

बुवांनी भिंग खाली ठेवलं.

“परत दिलास?”

“दिला की. चांगली सागवानी फ्रेम करून.” मोडकांना हसू आलं. “गंमतच झाली त्याची. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, मलाही बोलावलं. गेलो तर मांडवात, बोहल्याशेजारी, पाटावर ती फ्रेम. आणि विमानाला हार. झेंडूचा. वर कुंकवाचं बोट. पोरं येता-जाता हसत होती. तिकडे मेळाव्यात सांगतो मी हे. आमच्याकडे लग्नात विमान पुजतात म्हणतो. लोक हसून हसून...”

वाक्य तिथंच राहिलं.

बुवा हसले नव्हते. नुसते बघत होते.

“का घातला असेल हार?”



पंचवीस वर्षं त्यांनी हा किस्सा सांगितला होता. शंभरदा तरी. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही.

फोटो हातात देताना शेवंताबाई बोट ठेवून काहीतरी म्हणाल्या होत्या. ‘हे आमचे...’ मोडक तेव्हा शेपटीचा नंबर वाचायच्या खटपटीत होते. ‘लग्नाच्या आधी तेवढा परत द्या,’ असंही म्हणाल्या होत्या. फ्रेम नेऊन दिली तेव्हा बाईंनी ती कितीतरी वेळ पाहिली. मग उलटी केली. मागचा पुठ्ठा चाचपला, कडांतून नख फिरवलं. मोडकांना वाटलं, लाकूड बघताहेत. ‘सागवान आहे,’ त्यांनी सांगितलं होतं.

‘विमान छान आलंय,’ शेवंताबाई म्हणाल्या होत्या.

मोडकांच्या कानशिलांत ऊन शिरल्यासारखं झालं. बुवांकडे बघवेना.

“यशवंत माने,” बुवा म्हणाले. “शिडी तोच लावायचा. तळावर बाँब पडले तेव्हा हा उघड्यावर होता. पोरगी पोटात होती तिच्या.”

“त्यांचा दुसरा एखादा फोटो...”

“असता, तर तिनं विमानाला हार घातला असता?”

...

फोटोखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘संग्रह : श्रीनिवास मोडक’. मोडकांनी त्यावर तळहात ठेवला. झाकलं तरी ते तिथंच होतं.

“कापलेला तुकडा?” बुवांनी विचारलं.

“टाकला.”

“कुठं?”

“केरात, बुवा.”

खालच्या रस्त्यानं एक एसटी कण्हत चढून गेली.

मग मोडक घाईघाईनं म्हणाले, “पण तुम्ही तर रोज बघत होता त्यांना. मी चित्रकार घेऊन येतो. तुम्ही सांगा, नाक कसं, डोळे कसे. हुबेहूब काढून घेऊ. तिथं नेऊन देतो.”

बुवांनी डोळे मिटले.

मोडक वाट बघत राहिले. मठातला पोपट दोनदा ओरडला.

“नखांत ग्रीस असायचं,” बुवा म्हणाले. “हसला की खोकला यायचा. तो खोकला ऐकू येतो अजून. चेहरा...”

...

“चेहरा गेला रे माझ्याकडून.”

त्यांनी मान खाली घातली. सहा वर्षांत मोडकांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आता तो चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला होता, हे दोघांनाही कळलं.

“आहे का ती?”

“आहेत. त्याच घरात. मुलगी इस्लामपूरला दिली.”

“कराड इथनं किती लांब?”

“दीड तास.”

“दीड तास,” बुवा म्हणाले. “आणि मी इतक्या वर्षांत गेलो नाही. काय सांगायचं तिला, म्हणून.”

मोडक उठले. पुस्तक पिशवीत घालू लागले, मग काढून तिथंच ठेवलं. नमस्काराला वाकले तर बुवांनी पाय मागे घेतले.

पायरीशी आल्यावर ते थबकले.

“काय बोलू मी तिथं?”

“बोलू नको. विचार. कसा होता तो. ती सांगेल तेवढं ऐक. रडली तरी उठू नको.”

“आणि शेवटी? केलंय ते सांगू?”

“तिला ठाऊक आहे. तरी सांग.”



“माफ नाही केलं त्यांनी, तर?”

बुवा उठून पायरीशी आले. मोडकांच्या चपला मठाकडे तोंड करून पडल्या होत्या. गुडघ्यावर हात देत ते खाली वाकले, त्या उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

मग म्हणाले, “करू नये तिनं, एवढं मनात धरून जा.”