कपाळावरचे दोन तांदूळ

“मग आधी कोण हलणार?”

“तेच तर विचारायला आलेय, सर.”

“मला विचारतेस? मीच घराबाहेर पडून बसलोय.”

खरंच होतं ते. माडाच्या झापांची एक खोप, तिच्यात अंथरलेली चटई, आणि चटईवर मांडी घालून बसलेले बुवा. एकटे बुवाच नव्हेत, अख्खा हुंबरणे गाव वेशीबाहेर येऊन बसला होता. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झाडून सगळी. कोकणात काही गावांची ही जुनी रीत आहे, गावपळण म्हणतात तिला. तीन दिवस गाव रिकामा ठेवायचा, मग रवळनाथाला कौल लावायचा. देव ‘या’ म्हणाला तर परतायचं. ‘नको’ म्हणाला तर आणखी एक रात्र डासांच्या ताब्यात काढायची.

बुवा म्हणजे भालचंद्र तेंडोलकर. उभी हयात राजदूत म्हणून परमुलखांत घालवली. निवृत्त होऊन गावी आले आणि दाढी वाढवली. कोकणात दाढी वाढवली की पुढचं लोक बघून घेतात. वर्षभरात त्यांचे बुवा झाले.

समोर बसली होती ती दिल्लीच्या परराष्ट्र खात्यातली मृणालिनी रेगे, त्यांच्या हाताखाली शिकलेली सगळ्यांत हुशार शिष्या. आपण हुशार आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि घोटाळा तिथेच होता.

“नीट सांग,” बुवा म्हणाले.

तिने सांगितलं.

दूर समुद्रात एक अरुंद सामुद्रधुनी. एका अंगाला एका महासत्तेच्या युद्धनौका, दुसऱ्या अंगाला दुसरीच्या. दोघी म्हणतात, हे पाणी आमचं. आणि बरोबर मधोमध, इंजिन बंद पडून, आपल्या पोरांचं एक मालवाहू जहाज अडकलेलं. प्यायचं पाणी संपत आलेलं. ओढून आणायला आपली टगबोट तोंडाशी तयार उभी, पण आत जायला परवानगी मागायची कुणाची? एकीची मागितली की पाणी तिचं ठरलं. मग दुसरी तोफा वळवणार.

“दोन घरचा पाहुणा उपाशी,” बुवा म्हणाले.

“इथे तर तहानलेला आहे, सर.”

बुवांनी मान डोलावली.

“मी तोड काढलीय,” ती सरसावून बसली. “दोन्ही राजधान्यांना एकाच मिनिटाला अर्ज. एकाच मिनिटाला दोघींची परवानगी. एकाच मिनिटाला दोन्ही ताफे मागे. शब्दन् शब्द तोलून लिहिलाय. दोन्हीकडचे लोक म्हणाले, इतका समतोल मसुदा आम्ही पाहिला नाही. दिल्लीत तर त्याला रेगे मसुदाच म्हणायला लागलेत.”

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटल्यासारखं म्हटलं. बुवांनी ते ऐकलं आणि दाढी खाजवली.

“मग सही का करत नाहीत?”

“दोघी म्हणतात, आधी तिची घेऊन या.”

“तू राणी, मी राणी, पाणी कोण आणी!” बुवा एवढ्या मोठ्याने हसले की बाजूच्या खोपीतली कोंबडी दचकून उडाली.

तिला राग आला. तीन महिने झोप नव्हती तिला. हसण्यासारखं त्यात काय होतं?

इतक्यात लोचनकाकी टोप घेऊन आली. शेजारच्या खोपीतली बाई, हातात काम असल्याशिवाय तिला कुणी पाहिलं नव्हतं.

“बुवानू, ह्यांका पेज वाढू?”

“वाढ. माझ्याकडे शिकायला होती पूर्वी.”

काकीने पेज वाढली, वर लोणच्याची फोड ठेवली, तांब्या भरून ठेवला. मग तांब्याकडे बघत तशीच उभी राहिली.

“थंय पाणी मापान देतत म्हणे पोरांका,” ती म्हणाली. “आणि हंय बघा, व्हाळ भरान व्हावता.”

ती गेल्यावर बुवा हळूच म्हणाले, “हिचा दिगू त्याच जहाजावर आहे.”

मृणालिनीच्या हातातला घास तसाच राहिला. तीन महिने ती ‘जहाजावरील कर्मचारी’ असं लिहीत होती. त्यातल्या कुणाला दिगू म्हणत असतील, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि तिने पेज बाजूला सारली.

“तू कोण आहेस ते तिला माहीत नाही,” बुवा म्हणाले. “खा.”

व्हाळाच्या अल्याड वरच्या वाडीची बिऱ्हाडं होती, पल्याड खालच्या वाडीची. मध्ये पाणी वाहत होतं, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

“ह्यांचं काय बिनसलंय?”

“तुझ्या महासत्तांचं बिनसलंय तेच. मान!” बुवांनी वेशीकडे बोट केलं. “पूर्वी परतायचा दिवस मानकरी ठरवायचे. वरचे म्हणाले आज, की खालचे म्हणणार उद्या. माझ्या मामाचा पुढचा दात त्या वेशीत पडलाय, अजून सापडला नाही.”

“आता नाही होत मारामारी?”

“आता देव सांगतो.”

“म्हणजे भांडण मिटलं?”

“मिटतंय कुठलं! एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत अजून. सुंभ जळेल, पीळ नाही जायचा.”

“मग?”

बुवा उत्तर देणार तोच देवळाच्या वाटेने गुरव येताना दिसला. दोन्ही काठांवरची माणसं उठून उभी राहिली. लोचनकाकीनेही हातातला टोप खाली ठेवला.

“देवान डावो कौल दिल्यान,” गुरवाने लांबूनच हात हलवला. “आज नाय!”

झालं! एकच गलका उठला. कुणाची भातं पाखरं खात होती, कुणाची म्हैस घराच्या ओढीने दावं तोडत होती.

वरच्या वाडीचा मानकरी ओरडला, “म्हाताऱ्याक आता काय्येक कळना नाय!”

“मी सकाळपासून ताच सांगतंय!” पल्याडहून खालच्या वाडीचा मानकरी ओरडला.

आणि बडबडत, देवाचा उद्धार करत, दोघेही आपापल्या खोपीत जाऊन बसले.

“ऐकलंस?” बुवा म्हणाले. “वर्षभरात पहिल्यांदा एकमेकांशी बोलले.”

“देवाला शिव्या देत होते ते.”

“हो. पण बसले ना?”

मृणालिनीचा धीर सुटला.

“सर, दिल्लीहून मी काय हे बघायला आले? तिथे पोरांचं पाणी संपतंय. आणि त्या दोघींसाठी मी देव कुठून आणू? दोघींचा देव एक नाही.”

“देव कशाला? दगड पुरतो.”

“सर…”

“कौल कसा लावतात, पाहिलायस कधी?”

“नाही.”

“इकडे सरक.”

बुवांनी वाटीतले दोन तांदूळ उचलले, तांब्यातल्या पाण्यात बुडवले, आणि काही कळायच्या आत तिच्या कपाळावर चिकटवले. देवाच्या मूर्तीला लावतात तसेच, एक उजव्या भुवईवर, एक डाव्या; उजवा आधी पडला तर ‘या’, डावा पडला तर ‘नको’.

“हलू नकोस.”

“सर, काय हे!”

“बोलूही नकोस. बोलला तर त्या दगडाला कोण विचारेल?”

ती बसून राहिली. भल्या भल्या मंत्र्यांना ताटकळत ठेवणारी बाई, पण गुरूने सांगितलं म्हणून बसली. पाण्याचा एक थेंब नाकावरून ओघळला. एक माशी येऊन गालावर बसली. लोचनकाकी लांबून बघत होती, तिने तोंडाला पदर लावला. मृणालिनीचे कान तापले. उठावं, तांदूळ झटकावेत आणि चालू पडावं, असं तिला फार वाटलं.

“आज देव ‘नको’ म्हणाला,” बुवा व्हाळाकडे बघत म्हणाले. “त्यात देवाला काय मिळालं?”

“…”

“उद्या ‘या’ म्हणेल. त्यात काय मिळेल?”

“…”

“पोटभर शिव्या खाल्ल्या बिचाऱ्याने. मान दोघांचाही जागच्या जागी.”

वारा आला. झापं सळसळली. तिच्या कपाळावरून काहीतरी घरंगळलं आणि मांडीवर पडलं.

“कुठला पडला?” तिने विचारलं.

“मी बघत नव्हतो,” बुवा म्हणाले, आणि पान लावायला बसले.

मृणालिनी कितीतरी वेळ मांडीवरच्या तांदळाकडे बघत राहिली. मग उठली, व्हाळाच्या काठाने चालत लांब गेली, आणि आधी टगबोटीच्या कप्तानाला फोन लावला.

“कुणाचीच परवानगी न घेता आत जाल?”

“बाई, मी कधीपासून इंजिन सुरू ठेवून बसलोय.”

मग मंत्र्यांना लावला.

“अर्ज करायचा नाही, साहेब. कुणाकडेच नाही. नुसतं जाहीर करायचं. आमची बोट उद्या उजाडताच आत येतेय, वाट द्या.”

“वेड लागलंय का तुम्हाला? दोघी भडकतील!”

“भडकू देत. एकमेकींवर नाही ना भडकणार.”

“मग कुणावर?”

“माझं नाव घाला. आगाऊपणा त्या बाईचा, सरकारला पत्ताच नव्हता, असं सांगा.”

मंत्री काही वाईट माणूस नव्हता.

“रेगेबाई, ह्यानंतर मला तुम्हाला ठेवता यायचं नाही.”

“माहीत आहे.”

“आणि तुमचा तो मसुदा?”

“…फाडून टाका, साहेब.”

फोन ठेवला आणि तिला रडू कोसळलं. आता खोटं कशाला सांगा? ते रडू पोरांसाठी नव्हतं. मसुद्यासाठी होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही महासत्ता तिच्यावर कडाडल्या. एक म्हणाली, हा पोरकट उद्धटपणा आहे. दुसरी म्हणाली, ह्या बाईला समुद्राचे रीतिरिवाज शिकवायला हवेत. आणि अशा येड्यांच्या बोटीला उगाच धक्का लागू नये म्हणून, निव्वळ मोठ्या मनाने, दोघींनी आपापली जहाजं बाजूला घेतली. प्रतिस्पर्ध्यापुढे एक हातही मागे सरलो नाही, असं दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांनी छापलं. ते खरंच होतं.

टगबोट आत गेली आणि जहाज ओढून घेऊन आली. दिल्लीने दोघींच्या थोर मनाचे आभार मानले आणि मृणालिनी रेगे ह्यांना एका जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तिथे फोन वाजत नसे.

महिन्याभराने ती हुंबरण्याला आली. गाव कधीच परतला होता. बुवा आपल्या घरच्या पडवीत सुपारी कातरत बसले होते.

“दोन्हीकडच्या संसदेत हसले मला, सर,” ती म्हणाली. “नाव घेऊन हसले.”

“पोरं?”

“पोचली घरी. सगळी.”

बुवांनी सुपारीचं खांड तिच्या हातावर ठेवलं. ती वाट बघत राहिली. शाबासकी मागायला काही ती एवढ्या लांब आली नव्हती. पण कुणी दिली असती तर नको म्हणाली नसती. माणूसच ती.

तेवढ्यात लोचनकाकी आली. ताटात गरम खापरोळ्या होत्या, आणि चेहरा असा फुललेला की बाई दहा वर्षांनी लहान दिसत होती.

“माझो झील इलो, बुवानू! नुसतो सुकलो हा, पण इलो!” मग पाहुणीकडे बघून तिला ओळख पटली. “अगे बाये, तू तीच ना, कपाळार तांदूळवाली? घे, खा.”

मृणालिनीचे डोळे भरून आले. तिने खापरोळी हातात घेतली. महिन्याभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

“पण ती दिल्लीची कोण बाय,” काकी पडवीच्या पायरीवर टेकली, “तिचा तळपट होवंदे!”

“…कुठली बाई?”

“दिगू सांगी होतो ना! दोन्ही बाजूचे मोठे लोक बघा कसे, आपणहून वाट दिल्यानी. आणि ह्या बायेन इचारल्याबिगर मदीच बोट घुसवल्यान. एक गोळो सुटलो असतो तर? माझ्या झिलाच्या जीवावर उठलेली ती! खा गे, गरम आसत तोवर खा.”

मृणालिनीला रडू आलं, रागही आला. काकी समोरच होती, मायेने तिच्यापुढे दुसरी खापरोळी धरत होती. एक वाक्य पुरलं असतं. तिने हातातली खापरोळी ताटात ठेवली, पाठ ताठ केली, आणि ते वाक्य बोलायला तोंड उघडलं.

बुवांनी अडकित्त्यावरून नजरसुद्धा उचलली नाही.

“हलू नकोस,” ते म्हणाले.