वाकडा फेर

खूप खूप वर्षांपूर्वी डोंगरांच्या कुशीत एक खोरं होतं. तिथे ना नदी, ना ओढा. तरी सातही वाड्यांवरची दगडी कुंडं बारा महिने भरलेली असायची! पाणी डोंगरातून, जमिनीखालून येतं आणि ते आपल्या आयाआज्यांनी आणलं, एवढं लोकांना ठाऊक होतं. ते कोणत्या वाटेनं येतं, हे मात्र विचाराल त्याला सांगता येत नसे.

या खोऱ्याची एक रीत होती. चैत्री पुनवेला बायका फेर धरायच्या. आता फेर म्हटला की तो गोल हवा, हो ना? यांचा वाकडा! डोंगराच्या पायथ्याशी सुरू व्हायचा आणि शेताबांधांवरून थेट शेवटच्या कुंडापर्यंत जायचा. चाळीस पावलं सरळ, सात डावीकडे, मग थांबून कपाळ भुईला टेकायचं, मग पुन्हा पुढे. असं एकवीस ठिकाणी. बाहेरगावच्या पाहुण्या बघून तोंडाला पदर लावायच्या. पण एक पाऊल जरी चुकलं तरी पुढे चालणारी म्हातारी मागे वळून अशी बघायची की पोरींची बोबडी वळायची.

ही म्हातारी म्हणजे चिमाक्का. तिला पावलं तिच्या आईनं शिकवली, आईला आजीनं. का वाकायचं, हे ना त्यांनी सांगितलं, ना हिनं विचारलं.

एके वर्षी खोऱ्यावर संकट आलं. राजाला तिथे शिकारीचं रान करायचं होतं. त्याच्या दरबारातल्या बखरकारानं लिहून ठेवलं होतं, ‘हे खोरं ओसाड होतं. महाराजांच्या पणजोबांनी इथल्या जुनाट चिंचेखाली तळ दिला, पाणी आणलं, आणि मग माणसं वसवली.’ म्हणजे पाणी राजाचं, जमीन राजाची, आणि माणसांनी बोचकी बांधून चालू लागायचं! पुनवेला राजा स्वतः येणार होता. ज्याची हरकत असेल त्यानं त्याच दिवशी पुरावा दाखवायचा होता.

पाटलांनी चिमाक्काला बाजूला घेतलं.

“अक्का, माझ्याकडे तांब्याचा पत्रा आहे. ‘पाणी आमच्या आयांनी आणलं’ अशा चार ओळी कोरू, मीठ चोळू, शेणात पुरू. आठ दिवसांत बघ कसा पुराणकाळचा दिसतो!”

“पाटील, आपलं म्हणणं खरं आहे ना?”

“आहेच की!”

“मग त्याला खोट्याचं ठिगळ कशाला? उद्या ते उसवलं तर आपलं खरंही कुणी ऐकायचं नाही.”

“अगं, पण खरं दाखवणार कशानं?”

चिमाक्कानं भुईवर हात फिरवला. या मातीतच तिची नाळ पुरलेली, आणि या वयात जायचं तरी कुठे? पण पत्र्याला ती नाही म्हणाली ती नाहीच म्हणाली.

पुनव आली. राजा आला. बखरकारानं खणखणीत आवाजात बखर वाचली. राजानं विचारलं, “कुणाची हरकत आहे?”

चिमाक्का गुडघ्यावर हात टेकून उठली.

“माझी आहे, महाराज. हे पाणी आमच्या आयांनी आणलं.”

“पुरावा?” बखरकार म्हणाला.

“कागद नाही, बाबा. आज पुनव आहे. आम्हाला आमचा फेर तेवढा धरू द्या. मग घालवायचं तर घालवा.”

बखरकार खो खो हसला. राजा मात्र घोड्यावरून उतरला आणि बायकांच्या बाजूनं चालू लागला. चाळीस पावलं झाली, सात झाली. चिमाक्कानं कपाळ भुईला टेकलं.

“इथेच का वाकलात?” राजानं विचारलं.

“आईनं इथेच वाकायला शिकवलं, महाराज. इथे धरणीमायचा श्वास कपाळाला जाणवतो.”

राजाला गंमत वाटली. त्यानं मुकुट काढून प्रधानाच्या हाती दिला आणि कान मातीला लावला. आणि काय सांगू! त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. खाली खळखळ चालली होती.

“खणा!” तो म्हणाला.

हातभर मातीखाली दगडी झाकण लागलं. ते सरकवताच खाली भाजलेल्या मातीचा नळ, आणि त्यातून आरशासारखं पाणी. नळाच्या सांध्यांवर बोटांचे ठसे होते, आणि ठशांशेजारी बांगड्यांचे वळ. मऊ मातीत मनगटं टेकवून बायकांनी ते सांधे लिंपले होते. चिमाक्कानं हात त्या ठशांवर ठेवला. बोटं बरोब्बर बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. जन्मभर ती पाण्याच्या माथ्यावरून चालत होती, आणि तिला आज कळत होतं!

दुसऱ्या ठिकाणी झाकण, तिसऱ्या ठिकाणी झाकण. राजाची माणसं तोंडात बोटं घालून बघत राहिली. अकराव्या ठिकाणी ती जुनाट चिंच होती. तिथलं झाकण निघेना. चिंचेच्या मांडीएवढ्या मुळानं त्याला कवेत घेतलं होतं.

राजानं त्या मुळाला वीत लावून पाहिली. मग बखरकाराला म्हणाला, “माझे पणजोबा आले तेव्हा ही चिंच जुनाट होती, हे तुम्हीच लिहिलंय. आणि झाकण आधी होतं म्हणूनच मुळाला ते असं कवेत घेता आलं. म्हणजे हे पाणी तर चिंचेच्याही आधीचं दिसतंय.”

बखरकाराची मान खाली गेली. राजा आणि त्याची सगळी माणसं उरलेला फेर अनवाणी चालली. शिकारीच्या रानाचा बेत त्याच जागी मोडला. पाटलांनी म्हणे पत्र्याची मुकाट्यानं परात करून घेतली.

बखरकारानं नवं पान काढलं आणि चिमाक्कासमोर बसून विचारलं, “हे बांधणाऱ्या बायकांची नावं सांगा, अक्का. सोन्याच्या शाईनं लिहितो.”

चिमाक्का म्हणाली, “नावं मला ठाऊक नाहीत, बाबा. ठाऊक नाहीत, असंच लिही.”

आणि बखरकारानं तसंच लिहिलं.

लहानथोरांनी ध्यानात ठेवावं ते एवढंच: आपला वारसा जो मनापासून जगतो आणि त्यात खोट्याची भर घालत नाही, त्याचा इतिहास कुणालाही पुसता येत नाही.