बोडक्या देसायाचा बाजार

करंबोळीच्या थोरल्या पेठेत दसऱ्याआधीच्या बाजाराला आलात, तर नगराध्यक्ष डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन चालताना दिसतील. टोपी नाही, फेटा नाही, नुसती चुंबळ. हसायचं असेल तर हसा, गावही हसतं. पण फोटो काढत मधे उभे राहू नका, मडकी फुटतात.

फार पूर्वी या पेठेला आग लागली, असं सांगतात. माणसं उठून नदीकाठी गेली आणि तिथल्या चिखलातच बाजार भरू लागला. पेठेत राहिली घुबडं आणि धोतऱ्याची झुडपं. रायाजी देसाई गादीवर आला, त्याला हे बघवेना. तापट माणूस. भरल्या देवळात पागोटं उतरवून बोलला, "पेठ भरल्याशिवाय हे डोक्याला लावणार नाही."

मग कामं काढली. घडीव दगडाचा रस्ता केला, डोंगरावरून पाणी आणून मधोमध हौद बांधला, दोन्ही अंगांना दगडी ओटे घालून वर कौलं चढवली. पेठ अशी झाली की बघत राहावं. आणि लोक बघतच राहिले. यायचे, हौदाचं पाणी प्यायचे, ओट्यावर हात फिरवायचे आणि परत चिखलात जाऊन वांगी विकायचे. रिकाम्या बाजारात पहिलं बसायचं कुणी? वाणी म्हणे तांबोळी बसू दे, तांबोळी म्हणे वाणी बसू दे.

देसायाची पंचाईत झाली. त्या काळी बोडकं डोकं म्हणजे घरात सुतक. परगावचा माणूस भेटला की विचारी, कोण गेलं? बायको लाडूबाई वाढता वाढता सुनवायची, "एवढे ओटे बांधलेत, आता आपण दोघं बसून भाजी विकू या." त्यात दसरा तोंडावर आलेला. बोडक्याने सीमोल्लंघनाच्या घोड्यावर बसायचं नाही. म्हणजे मान जाणार चुलतभावाकडे, आणि तो आतापासूनच घोड्याला खरारा करत होता म्हणे.

दसऱ्याआधीच्या बाजारादिवशी देसाई हौदापाशी एकटाच उभा होता. तेवढ्यात गवराक्का कुंभारीण चढ चढून आली. आदल्या बाजाराला नदीकाठी बैलाने तिची मडकी तुडवली होती, म्हणून चिखलात पुन्हा पाय टाकायचा नाही, असं तिने ठरवलेलं. समोर बोडका माणूस दिसला. तिला वाटलं, हमाल.

"का रं, हुबा काय ऱ्हायलास? हात लाव की."

देसायाने पाटी उतरवायला हात लावला, तर म्हातारीने चुंबळ त्याच्याच डोक्यावर बसवली. "हितं उन्हात बसू व्हय? त्या पल्याडच्या ओट्यावर ने. मान ताठ ठेव. तुझ्या बानं कधी वझं वाहिलं न्हाई वाटतं."

"न्हाई वाहिलं," देसाई म्हणाला आणि पाटी घेऊन चालू लागला.

हे एका परटाने पाहिलं आणि तो नदीकडे पळत सुटला. देसायाच्या डोक्यावर मडकी म्हटल्यावर अख्खा बाजार उठला. माल मागे ठेवावा तर चोरीची भीती, म्हणून ज्याने त्याने आपली पाटी उचलली आणि गंमत बघायला पेठेत आणली. चढाने दमले, ओट्यांवर टेकले. टेकल्या टेकल्या कुणीतरी विचारलं, वांगी कशी दिली? झालं. पेठ भरली.

लाडूबाई स्वतः पागोटं घेऊन धावत आली. तेव्हा कुठे गवराक्काला कळलं, हमाल कोण ते. तिने त्याला खालून वर न्याहाळलं.

"आसंल देसाई," ती म्हणाली. "पर येक बी मडकं फोडलं न्हाई. फुडल्या साली बी ह्योच धाडा."

देसाई गेले, नगरपालिका आली. आजही दसऱ्याआधीच्या बाजाराला गावातला सगळ्यांत मोठा माणूस बोडक्याने कुंभारणीची पाटी वाहतो, आणि ती ओट्यावर टेकेपर्यंत पेठेत कुणी तागडी धरत नाही. मागे एका नगराध्यक्षाने पाटी शिपायाच्या डोक्यावर दिली. कुंभारणीने पाटी काढून घेतली आणि निघाली नदीकडे. तिच्यामागे सगळी पेठ उठली. साहेब टोपी काखेत मारून उतारापर्यंत धावले.